तीन जणांचे पाच तारे

आजकाल तारे मोजल्याशिवाय आपल्या घरात काही येत नाही. कुकर घ्यायचा तर तारे, बिर्याणी मागवायची तर तारे, रिक्षातून उतरले की रिक्षावाल्यालाही तारे. आता हे तारे गोष्टींखालीही आले आहेत. मोबाइलवर कथा वाचायच्या जागा पुष्कळ झाल्या. मराठीतही रोज नव्या कथा येतात आणि आपल्या घरांतल्या कितीतरी मुली, सुना, निवृत्त झालेली माणसे तेथे लिहितात. कथा संपली की खाली पाच तारे दिसतात. वाचणारा बोटाने खूण करतो आणि पुढे जातो. त्याला दोन सेकंद लागतात. लिहिणारीने त्या कथेला दोन महिने दिलेले असतात.

कुकरचे ठीक आहे. एका कारखान्यातून निघालेले हजारो कुकर सारखेच असतात. एकाने शिट्टी नीट होत नाही म्हणून कळवले, तर ते दुसऱ्याच्या कामाचे असते. कथा मात्र प्रत्येक वेगळी आणि वाचणाराही वेगळा. तरीसुद्धा कोणती कथा यादीत वर दिसणार आणि कोणती चौथ्या पानावर गडप होणार, हे त्या ताऱ्यांवरच ठरते. चौथ्या पानापर्यंत कोणी जात नाही. म्हणून ताऱ्यांचा हिशेब कसा करायचा हा प्रश्न जितका गणिताचा, तितकाच इन्साफचाही आहे.

या प्रश्नात मी पडले ती माझ्या भाचीमुळे. मी सोलापुरातल्या एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षे गणित शिकवले. भाची पुण्यात नोकरी करते. दोन मैत्रिणींना सोबत घेऊन तिने मराठी कथांची एक लहानशी साइट सुरू केली आहे. रमजानच्या आधीच्या एका रविवारी तिचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाली, "खाला, सरासरी काढायला तुम्हीच शिकवलं ना आम्हाला? ती सरासरीच आता आमच्याकडे भांडणं लावतेय."

तिने सांगितलेली अडचण अशी. साइटवर एक नवी कथा आली. तिला तीनच मते पडली, तिन्ही पाच ताऱ्यांची. लेखकाचा भाऊ, भाभी आणि एक मित्र. सरासरी ५. कथा यादीत पहिली! दुसरी एक कथा २०० जणांनी वाचून तारे दिले होते. त्यांची सरासरी ४.४. ती एकोणिसावी. तिच्या वरच्या अठरा कथांपैकी बहुतेकींना चार-पाचच मते होती. आता त्या दुसऱ्या कथेची लेखिका विचारत होती की, दोनशे माणसांपेक्षा तीन माणसांचे वजन जास्त कसे?

तिचा प्रश्न बरोबर होता. सरासरी काढताना बेरजेला संख्येने भागले की ती संख्या उत्तरातून नाहीशी होते. पाच हा आकडा तिघांनी मिळून झाला की तीनशेंनी, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. आपण व्यवहारात असे करत नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाच्या आई, बहीण आणि मामूंनी "मुलगा हिरा आहे" म्हटले, तर आपण हसून ऐकून घेतो आणि मग मोहल्ल्यात चौकशी करतो. मोहल्ल्यातले चाळीस जण "मुलगा चांगला आहे, जरा तापट आहे" म्हणाले, तर त्या बोलण्यावर आपला जास्त भरवसा बसतो. तिघांची गवाही खोटी असते असे नाही. ती थोडी असते, आणि थोड्या गवाहीवर मोठा निकाल द्यायचा नसतो.

यावर गणितात एक जुना आणि सोपा उपाय आहे. प्रत्येक नव्या कथेच्या खात्यावर आधीच काही अंदाजी मते जमा करून ठेवायची, आणि ती साइटवरच्या सगळ्या कथांच्या सरासरीइतकी धरायची. भाचीच्या साइटची एकूण सरासरी ४.१ होती. आम्ही अंदाजी मते २० धरली. म्हणजे प्रत्येक कथेच्या खात्यावर सुरुवातीलाच २० गुणिले ४.१, म्हणजे ८२ तारे. आता तीन मतांची कथा घ्या. ८२ अधिक १५ म्हणजे ९७, भागिले २३. उत्तर ४.२२. दोनशे मतांची कथा घ्या. ८२ अधिक ८८० म्हणजे ९६२, भागिले २२०. उत्तर ४.३७. आता दोनशेंची कथा वर आली. चित्रपटांच्या ताऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयएमडीबीने आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी याच धर्तीचे सूत्र वापरले आहे. तेथे अंदाजी मते हजारोंच्या घरात असतात. लहान साइटला वीस पुरेत. ही संख्या फार मोठी धरली तर नवी कथा जागची हलतच नाही. फार लहान धरली तर भाऊ-भाभीच पुन्हा राज्य करतात.

दुसरा एक उपाय एडविन विल्सन या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेल्या सूत्रातून येतो. आवडली आणि नावडली अशा दोनच खुणा असतील, तर मिळालेल्या मतांवरून "खरा पाठिंबा निदान इतका तरी असेल" असा खालचा आकडा त्या सूत्राने काढता येतो. तिघांपैकी तिघांना आवडलेल्या कथेचा हा आकडा सुमारे ४४ टक्के येतो. दोनशेंपैकी १८० जणांना आवडलेल्या कथेचा सुमारे ८५ टक्के. इव्हान मिलर यांनी २००९ मध्ये याच सूत्राची बाजू मांडणारा एक लेख लिहिला. रेडिट या साइटने त्याच वर्षी प्रतिक्रियांचा क्रम त्याने लावायला सुरुवात केली. सूत्र उत्तम आहे, पण त्यात वर्गमूळ येते. आमच्या लेखिकांपैकी कोणी दहावीनंतर गणित सोडलेले, कोणी त्याआधीच. माझा आग्रह एवढाच होता की, ज्या नियमाने कथेचा नंबर लागतो, तो हिशेब लिहिणाऱ्याला वहीच्या मागच्या पानावर स्वतः करून पाहता आला पाहिजे. म्हणून आम्ही ८२ ताऱ्यांचाच हिशेब ठेवला.

भाचीच्या मैत्रिणीने लगेच हरकत घेतली. "मॅडम, एखाद्या नव्या मुलीची कथा खरंच पाच ताऱ्यांची असेल आणि तुम्ही तिला ४.२२ देताय. हा अन्याय नाही का?" हरकत चांगली होती. मी तिला उलटे उदाहरण करायला सांगितले. एका नव्या मुलीला चार मते पडली, चारही पाचाची. मग कोणी जळफळाटाने एक तारा देऊन गेला. साध्या सरासरीने ती ५ वरून एकदम ४.२ वर येते. आमच्या हिशेबात ती ४.२५ वरून ४.१२ वर येते. जो नियम भाऊ-भाभीच्या प्रेमाला आवर घालतो, तोच एका माणसाच्या वैरालाही आवर घालतो. मैत्रिणीने दोन्ही बेरजा मोबाइलवर करून पाहिल्या आणि मान्य केले.

पण तिच्या हरकतीतला एक भाग उरलाच. मते मिळाल्याशिवाय कथा वर येणार नाही, आणि वर आल्याशिवाय मते मिळणार नाहीत. या फेऱ्यातून नव्या लेखिकेने बाहेर यायचे कसे? यासाठी नव्या कथांची वेगळी यादी केली. पहिले ३० दिवस प्रत्येक कथा तेथे राहते. तेथे ताऱ्यांना काही किंमत नाही. साइट उघडली की दर वेळी यादीचा क्रम बदलतो, म्हणजे प्रत्येकीला कधी ना कधी पहिल्या ओळीत जागा मिळते. या यादीत कथेचे शीर्षक आणि पहिल्या पाच ओळी दिसतात. लेखकाचे नाव कथेच्या शेवटी येते, पत्राखाली सही असते तसे. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्या समोर विद्यार्थ्याचे नाव नसायचे. नावावरून मुलगा की मुलगी, कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा हे कळते आणि तपासणारा कितीही नेक असला तरी मनात काहीतरी हलते. वाचकाचे मनही तसेच. आधी गोष्ट वाचू दे, मग नाव.

पुढचा प्रश्न पहिल्या मताचा होता. मेंढरामागे मेंढरू जाते हे आपण सगळे जाणतो, पण किती जाते हे मोजलेले आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या संशोधकांचा एक प्रयोग २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या एका साइटवरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. त्यांतल्या काहींना, कसलाही गुण न पाहता, सुरुवातीलाच एक पसंती देऊन टाकली. त्या प्रतिक्रिया पुढे पाहणाऱ्या पहिल्या माणसाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरची पसंती सरासरी २५ टक्क्यांनी जास्त झाली. काहींना मुद्दाम नापसंती दिली होती. तेथे मात्र पुढच्या लोकांनी पसंती देऊन ती भरून काढली. त्याआधी २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४,३४१ लोकांसमोर अनोळखी कलावंतांची ४८ गाणी ठेवली होती. लोकांचे गट पाडले. काही गटांत आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा घेतले ते दिसत होते. अशा प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर चढली. अगदी चांगली गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी सहसा पहिली आली नाहीत. मधल्या साऱ्यांचे नशीब मात्र सुरुवातीला कोणी काय निवडले त्यावर ठरले. आपल्यापैकी बहुतेक जण त्या मधल्यांतलेच असतो.

म्हणून आम्ही ठरवले की, दहा मते पडेपर्यंत कथेखाली कोणताही आकडा दाखवायचा नाही. त्यानंतरही, वाचक कथेच्या आत असताना तारे झाकलेले राहतील. स्वतःचे मत दिले की मग इतरांचे दिसेल.

मग विषय निघाला तारा म्हणजे नेमके काय याचा. शाळेत आमच्याबरोबर एक सर होते. त्यांच्या हातून निबंधाला दहापैकी सहा मिळाले तर मुले पेढे वाटत. दुसऱ्या एका बाई आठच्या खाली उतरतच नसत. बोर्डात यासाठी नियामक असतात. परीक्षकाने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका ते पुन्हा पाहतात आणि हात फार सढळ किंवा फार आखडता असेल तर सांगतात. वाचकांवर नियामक कोण नेमणार? यूट्यूबवर पूर्वी पाच तारे होते. जवळजवळ सगळेच लोक पाच तारे देतात, असे २००९ मध्ये त्यांनीच सांगितले आणि २०१० मध्ये तारे काढून दोन अंगठे ठेवले. नेटफ्लिक्सनेही २०१७ मध्ये तेच केले. कडक आणि सढळ वाचकांचा फरक गणिताने काढून टाकता येतो, पण त्यासाठी प्रत्येक वाचकाची पुष्कळ मते जमलेली असावी लागतात. आमचे बरेच वाचक वर्षभरात पाच-सहा कथांना तारे देणारे. तेव्हा आम्ही प्रत्येक ताऱ्यासमोर साधे शब्द लिहिले. एक तारा: कशीबशी संपवली. दोन: मन रमले नाही. तीन: एकदा वाचायला ठीक. चार: आवडली, याच हाताची आणखी एक वाचेन. पाच: घरातल्या कोणाला तरी वाचायला दिली, किंवा देईन. शब्द समोर असले की हात जरा थांबतो.

तारे कोणी द्यायचे याचाही नियम केला. एका खात्याचे एकच मत, आणि ते नंतर बदलता येईल. कथा शेवटच्या ओळीपर्यंत उघडली असेल तरच तारे दिसतील. हा नियम किती गरजेचा आहे ते २०२३ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेची रशियात घडणारी एक कादंबरी पुढच्या वर्षी येणार, एवढीच घोषणा झाली होती. पुस्तक छापलेही नव्हते. तरी गुडरीड्सवर त्याला शेकड्यांनी एक-एक तारा पडला. रशिया-युक्रेन युद्धामुळे लोक दुखावलेले होते आणि त्यांचे दुःख खरे होते. पण ते न वाचलेल्या पुस्तकाबद्दलचे मत नव्हते. लेखिकेने पुस्तक मागे घेतले. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. ते मुख्यतः विकत घ्यायच्या वस्तू आणि सेवांसाठी आहे. पण अभिप्राय देणारा खरा माणूस आहे ना हे तपासावे, हा त्यातला विचार आमच्या कामाचा होता. एका रात्रीत एकाच कथेवर नव्या खात्यांची मते येऊन पडली, तर ती बाजूला ठेवायची आणि तिघींपैकी एकीने स्वतः पाहून निर्णय घ्यायचा, असे ठरले.

या नियमालाही एक बाजू होती. पूर्ण वाचणाऱ्यांनाच तारे देता आले, तर कंटाळून अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे मत मोजलेच जात नाही. म्हणून किती जणांनी कथा उघडली, किती जण शेवटपर्यंत पोहोचले आणि जास्तीत जास्त लोक कोणत्या ठिकाणी थांबले, हे लेखकाला कळते. इतरांना नाही. तिसऱ्या पानावर निम्मे वाचक गळाले हे लिहिणारीला कळलेच पाहिजे. ते चारचौघांत टांगायची गरज नाही.

इथे दुसरी मैत्रीण म्हणाली, "मग तारेच नकोत. नुसती शाबासकी ठेवू." तसेही एक ठिकाण आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या मोठ्या कथासंग्रहात तारे नाहीत. वाचक एका कथेला एकदा शाबासकी देऊ शकतो, एवढेच. कोणाचे मन दुखत नाही. पण शाबासक्या नुसत्या मोजल्या, की जी कथा जास्त दिवसांपासून आहे आणि जिचे वाचक जास्त, तिचाच आकडा वाढत राहतो. आणि वाचकाला "यात माझा वेळ चांगला जाईल का?" याचे उत्तर हवे असते, ते मिळत नाही.

या सगळ्या चर्चेत मला जे खुपत होते ते तेव्हा शब्दांत आले. तारे आपण एकाच वेळी दोघांना देत असतो. पुढच्या वाचकाला सांगतो, वाच किंवा वाचू नकोस. आणि लिहिणारीला सांगतो, तू असे लिहितेस. पहिल्याला आकडा पुरतो. दुसरीला आकडा नुसता लागतो, समजत काही नाही. दोन तारे पाहून तिला कळत नाही की शेवट फसला, की संवाद खोटे वाटले, की वाचणारा त्या दिवशी वैतागलेला होता. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असे आम्ही ठरवले. तारे पुढच्या वाचकासाठी. त्यांच्याखाली एक वेगळी जागा, 'लेखकाला चिठ्ठी'. ती फक्त लिहिणाऱ्याला दिसते, आणि तिचा नंबराशी काही संबंध नाही. तीन किंवा त्याहून कमी तारे देणाऱ्याला साइट विचारते, "लेखकाला एक ओळ लिहाल का?" सक्ती नाही. पण पुष्कळ जण लिहितात.

या व्यवस्थेची खरी परीक्षा लातूरकडच्या एका बाईंच्या कथेने घेतली. वय चाळिशीच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलेली कथा. इद्दतीत बसलेली एक विधवा, तिचे चार महिने दहा दिवस, दारात येणारी माणसे, आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेली शिलाई मशीन. मला विचाराल तर त्या वर्षातली साइटवरची ती सर्वांत सच्ची कथा. तिला वीस मते पडली. बारा जणांनी पाच तारे दिले, आठ जणांनी एक. साठ अधिक आठ, अडुसष्ट. भागिले वीस, ३.४.

त्याच आठवड्यात एक भुताची कथा आली होती. तिलाही वीस मते. बारा जणांचे तीन तारे, आठ जणांचे चार. छत्तीस अधिक बत्तीस, पुन्हा अडुसष्ट. पुन्हा ३.४. आमचा अंदाजी मतांचा हिशेब लावला तरी दोन्हींचे उत्तर एकच, ३.७५. एक कथा सगळ्यांना ठीकठाक वाटलेली. दुसरी बारा जणांनी घरच्यांना वाचायला दिलेली आणि आठ जणांना पटलीच नाही अशी. आकड्याला या दोघींत फरक दिसत नव्हता.

बाईंनी भाचीला फोन केला. रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, 'इद्दत', 'जियारत', 'दस्तरखान' हे शब्द काढून टाकू का? मराठीत दुसरे शब्द घालते."

भाचीने मला विचारले. मी म्हटले, आधी चिठ्ठ्या काय म्हणतात ते त्यांना पाहायला सांग. आठ एक-ताऱ्यांपैकी पाच जणांनी चिठ्ठी लिहिली होती आणि पाचही जणांचे म्हणणे जवळजवळ एकच होते: शब्द कळले नाहीत, म्हणून बाई घराबाहेर का जात नाही तेच समजले नाही. एकाने तर लिहिले होते, "सासूने कोंडून ठेवलंय असं वाटलं." ही तक्रार खोटी नव्हती, आणि तीत वैरही नव्हते. पण तिचे उत्तर शब्द काढून टाकणे हे नव्हते. ते शब्द काढले असते तर ते घरच त्या कथेतून गेले असते.

भाचीने तेव्हा तीन गोष्टी केल्या. एक, नुसता आकडा न दाखवता प्रत्येक ताऱ्याला किती मते पडली याच्या पाच आडव्या पट्ट्या दाखवायला सुरुवात केली. वरची आणि खालची पट्टी लांब असली की वाचकाला कळते, ही कथा काहींना फार आवडेल आणि काहींना नाही. दोन, एकच मोठी यादी मोडून विषयांच्या वेगळ्या याद्या केल्या. घरसंसाराच्या कथेची तुलना घरसंसाराच्या कथेशी, भुताची भुताशी, आणि प्रत्येक यादीची सरासरी तिची तिची. तीन, लेखकाला हवे असेल तर एखाद्या शब्दाचा अर्थ देता येईल अशी सोय केली. शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो. ज्याला माहीत आहे त्याच्या वाचण्यात अडथळा येत नाही.

बाईंनी अकरा शब्दांचे अर्थ लिहून पाठवले. इद्दतीचा अर्थ त्यांनी तीन वेळा लिहिला आणि शेवटी एका ओळीत बसवला. त्यानंतर त्या आठांपैकी दोघांनी परत येऊन आपले तारे बदलले. एकाने चार केले, एकाने तीन. उरलेल्या सहांनी बदलले नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे. कथा घरसंसाराच्या यादीत आज पाचवी आहे. पहिली नाही. बाईंची दुसरी कथा परवा आली, तिच्यात अर्थ दिलेले शब्द चारच आहेत आणि एकही शब्द काढलेला नाही.

सगळे नियम साइटवर एका पानात लिहून ठेवले आहेत, ८२ ताऱ्यांच्या बेरजेसकट. कोणतीही लेखिका आपल्या कथेचा नंबर स्वतः काढून पाहू शकते. दोघी-तिघींनी काढून पाहिलाही. एका काकांनी फोन करून सांगितले की वीसऐवजी पंधरा धरा. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

वाचक भगिनी-बंधूंनो, हे सगळे नियम साइट चालवणाऱ्यांचे झाले. आपल्या हातातही काही आहे. कथा संपवल्याशिवाय तारे देऊ नका. आपल्या माणसाने लिहिले असेल तर नुसते पाच तारे देऊन मोकळे होऊ नका. कोणती ओळ आवडली, कोठे अडखळलात, ते दोन वाक्यांत त्याला सांगा. पन्नास नातेवाइकांच्या पाच ताऱ्यांपेक्षा ते जास्त दिवस पुरते. आणि कमी तारे द्यायचे असतील तर जरूर द्या, तो आपला हक्क आहे, पण सोबत कारणाची एक ओळ लिहा. लिहिणारी कोणीतरी स्वयंपाक उरकून, मुलांना झोपवून रात्री अकरा वाजता ती ओळ उघडणार आहे.